कुठून कुठे?

फाईल कॉपी करायला अक्कल लागत नाही, असा समज आहे आणि तो बहुतांशी खरा आहे. अक्कल लागते ती 'कुठून कुठे' एवढं ठरवायला. माउसने फाईल ओढणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण दोन्ही खिडक्या त्याच्या डोळ्यांसमोर असतात. कमांड लाइनवर खिडकी नाही, दार नाही, नुसती काळी भिंत. तिथे आधी लिहाल ते 'कुठून', नंतर लिहाल ते 'कुठे'. उलटं लिहिलंत तर मागच्या वर्षीची अर्धवट फाईल आजच्या पूर्ण फायलीवर जाऊन बसते, आणि संगणक त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

हे अवाक्षर न काढणं युनिक्स घराण्याच्या रक्तातच आहे. १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये या आज्ञा जन्मल्या तेव्हा संगणकाचं उत्तर टेलिटाइपवर खडखडत कागदावर छापलं जायचं. मग कमी बोलणं हाच शहाणपणा ठरला: काम झालं तर गप्प, बिघडलं तर बोल. आपल्याकडे मात्र कुणी गप्प बसलं की काहीतरी बिघडलंय असंच धरतात. त्यामुळे माझ्या भाच्याने त्याच्या बाबांना, म्हणजे माझ्या मेहुण्यांना, कमांड लाइनवर पहिली फाईल कॉपी करून दाखवली तेव्हा असा संवाद झाला:

"झालं?"

"झालं, बाबा."

"मग काही म्हणाला का नाही?"

"काही झालं असतं तर म्हणाला असता."

"म्हणजे काही झालंच नाही!"

मेहुणे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. खात्यात प्रत्येक कागद तीन प्रतींत निघायचा आणि 'प्रत माहितीस्तव सविनय सादर' असं लिहिल्याशिवाय कालव्याला पाणीसुद्धा सुटत नसे. तेव्हा बॅकअपची गरज त्यांना पटवून द्यावी लागली नाही. उलट त्यांच्या संगणकात बॅकअप सोडून दुसरं काही सापडणं कठीण. 'पेन्शन', 'पेन्शन नवीन', 'पेन्शन नवीन खरे', 'पेन्शन नवीन खरे - कॉपी (२)'. यांतलं ताजं कुठलं, असं विचारलं की ते 'न्यू फोल्डर' उघडतात. हेच सगळं लॅपटॉपवर, हेच ताईच्या जुन्या संगणकावर आणि हेच पेनड्राइव्हवर. फक्त प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं वेगळं.

भाचा हिंजवडीला नोकरी करतो. हिंजवडीतल्या माणसाला रहदारीवर उपाय सापडलेला नाही, पण बाकी सगळ्यावर त्याच्याकडे एक कमांड असते. "मामा, आरसिंक," तो म्हणाला. "आरसिंक मायनस एव्ही. एका ओळीत विषय संपतो."

आरसिंकची कथा ऑस्ट्रेलियात, कॅनबेरात घडली. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास या दोघांनी जून १९९६मध्ये हा प्रोग्रॅम जाहीर केला. ट्रिजेल म्हणजे तोच, ज्याने त्याआधी सांबा लिहून विंडोज आणि युनिक्स यांना एकमेकांच्या फायली उघडायला लावल्या. पुढे १९९९ साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीला त्याने जो पीएचडीचा प्रबंध दिला, त्यात या आरसिंकचंच गणित आहे. प्रबंधाचा लोकांना रोज उपयोग होतो, अशी उदाहरणं आपल्या परिचयाची नाहीत म्हणून मुद्दाम सांगितलं.

अडचण अशी होती. मोडेमच्या संथ तारेवर मोठी फाईल पुन्हा पुन्हा पाठवणं परवडत नव्हतं. बदल झालेला असायचा दोन ओळींचा. पण कुठल्या दोन ओळी, हे कळायला दोन्ही प्रती शेजारी ठेवायला हव्यात, आणि शेजारी ठेवायच्या तर एक प्रत आधी पाठवायला हवी. एकदा पाठवल्यावर मग तुलना कशाला?

समजा, वडिलांच्या हिशेबाची वही आहे. नवी प्रत डोंबिवलीच्या भावाकडे, जुनी नागपूरच्या भावाकडे. एसटीडीचं बिल चढतंय आणि भावाभावांत विश्वास बेताचा. नागपूरचा भाऊ आपल्या वहीचे समान तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याची नुसती बेरीज फोनवर सांगतो. डोंबिवलीचा भाऊ आपल्या वहीवरून एकेक अक्षर पुढे सरकत, तीच बेरीज कुठे लागते ते शोधतो. लागली की सांगतो, "इथे तुझा सातवा तुकडा लाव." न लागलेलं तेवढंच वाचून दाखवतो. एकेक अक्षर सरकण्यात सगळी खुबी आहे. वहीच्या सुरुवातीलाच कुणी एक ओळ घुसवली तर पुढचं सगळं खाली सरकतं, पण ते नव्याने सांगावं लागत नाही. बेरजाही दोन. एक कच्ची, झटकन होणारी. ती जुळली तरच दुसरी, पक्की. आणि सगळं झाल्यावर अख्ख्या वहीची पुन्हा एकदा बेरीज, कारण शेवटी भाऊच ते.

भाच्याने हे सगळं पेनड्राइव्ह हातात धरून समजावलं. गंमत म्हणजे एकाच संगणकावरून त्याला लावलेल्या पेनड्राइव्हवर कॉपी करताना आरसिंक ही हुशारी वापरतच नाही. तार लांबची नाही, मग डोकं कशाला चालवा, असं म्हणून तो अख्खी फाईल उचलून देतो. त्याहूनही आधी तो फायलीचा आकार आणि तारीख बघतो, आणि दोन्ही तीच असतील तर आत डोकावतही नाही. बहुतेक घरांत आरसिंकचं गणित वर्षानुवर्षं बिनवापराचं पडून असतं.

पण मेहुण्यांना भावला तो शेवटचा अहवाल. काम झाल्यावर आरसिंक सांगतो: एवढे बाइट पाठवले, एवढे आले, फायलींचा एकूण आकार एवढा, आणि 'स्पीडअप' एवढा. पहिल्या वेळी सगळंच पाठवावं लागतं, तेव्हा हा स्पीडअप जेमतेम एक. दुसऱ्या वेळी काहीच बदललेलं नसेल तर तोच आकडा हजारांत जातो. म्हणजे काम जितकं कमी, आकडा तितका भव्य. "आमच्या खात्यात हे पाहिजे होतं," मेहुणे हळहळले. तेव्हापासून ते दिवसातून तीनदा आरसिंक चालवतात आणि काहीच बदललेलं नाही याची खात्री करून घेतात.

आता स्लॅशबद्दल, म्हणजे फोल्डरच्या नावापुढच्या त्या तिरक्या रेघेबद्दल. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी स्लॅश दिला तर आरसिंक आतल्या वस्तू उचलतो. नाही दिला तर फोल्डरच उचलून आत ठेवतो. नियम इतकाच. तो एकदा वाचला की कळतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. मग 'फोटो'च्या आत 'फोटो' तयार होतं. माणूस घाबरून स्लॅश देतो आणि पुन्हा चालवतो, मग तेच फोटो बाहेरही येतात. त्यात फोल्डरचं नाव पूर्ण करायला आपण टॅब दाबतो आणि बहुतेक संगणकांवर टॅब स्वतःहून शेवटी स्लॅश लावून देतो. म्हणजे आयुष्यभराच्या फोटोंनी कुठे राहायचं, हे करंगळी ठरवते.

स्लॅशची चूक मात्र निस्तरता येते. जागा वाया जाते, दुसरं काही जात नाही. 'डिलीट' हा पर्याय वेगळ्या जातीचा आहे. तो लावला की 'कुठून'मध्ये जे नाही ते 'कुठे'मधूनही आरसिंक काढून टाकतो. दोन्हीकडे तंतोतंत सारखं हवं असणाऱ्या नीटनेटक्या माणसांना हा पर्याय फार आवडतो. आमच्या भागातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरनेही तो लावला होता, रोज रात्री दोन वाजता, आपोआप. एका रात्री मूळ डिस्कची वायर सैल झाली. डिस्क गेली, पण ती जिथे जोडली जायची ते फोल्डर जागेवर राहिलं, रिकामं. आरसिंकने त्या रिकाम्या फोल्डरची चोख प्रत केली. काही वाचता आलं नाही तर तो पुसण्याचं काम थांबवतो, एवढी काळजी त्याच्यात आहे. पण रिकामं फोल्डर वाचायला काय अडचण? सकाळी फोटोग्राफरने वायर नीट बसवली आणि मूळ फोटो दिसले म्हणून बरं. तोवर दोन लग्नघरांना त्याने 'आल्बमला जरा वेळ लागेल' असं सांगून ठेवलं होतं. ते त्याला नाहीतरी सांगायचंच होतं.

माझं जे काही म्हणणं आहे ते इथे आहे. दोन ठिकाणं सारखी ठेवणं आणि जुनं जपून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण पहिलं करून दुसऱ्याचं समाधान मिळवतो. सिंक करणारी यंत्रणा तुमच्या कामाइतकीच तुमची चूकही इमानाने पोहोचवते, आणि इंटरनेट चांगलं असेल तर चूक जास्तच लवकर पोहोचते. मेहुण्यांचा फोन भरला तेव्हा त्यांनी फोनमधले फोटो पुसले. "क्लाउडवर आहेत ना," म्हणाले. क्लाउडने ते पुसणंही सिंक केलं. नातवाचं बारसं तीस दिवसांच्या कचऱ्याच्या डब्यातून उपसून काढावं लागलं, आणि सुदैवाने तो एकतिसावा दिवस नव्हता.

जपून ठेवायचं असेल तर कालचं, परवाचं, मागच्या महिन्याचं असं वेगवेगळं ठेवावं लागतं. आरसिंकमध्ये 'लिंक-डेस्ट' नावाचा पर्याय आहे. त्याने रोजचं फोल्डर पूर्ण दिसतं, पण जागा फक्त बदललेल्या फायलींची जाते, बाकीच्या नुसत्या जुन्याशी जोडलेल्या असतात. बोर्ग आणि रेस्टिक ही अवजारं हेच काम आणखी निगुतीने करतात, वर कुलूपही लावून देतात. त्या कुलपाचा पासवर्ड कुठे ठेवायचा हा निराळा विषय आहे. लोक तो त्याच डिस्कवर ठेवतात.

आता खास मराठी अडचण. 'पायऱ्या' हा शब्द फायलीच्या नावात आहे असं समजा. यातला अर्धा र संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो आणि कुठला कीबोर्ड वापरता त्यावर ते अवलंबून असतं. डोळ्याला दोन्ही 'पायऱ्या' सारख्याच, संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावं. त्यातून घरात जुना मॅक असेल तर तो आणखी एक तिढा घालतो: ऱ हे अक्षर फोडून र आणि खालचा नुक्ता असं वेगवेगळं साठवतो. लिनक्स मात्र जसं लिहिलं तसं ठेवतो. मग आरसिंक एकाच फोल्डरमध्ये दोन 'पायऱ्या', दोन 'नोकऱ्या', दोन 'सुपाऱ्या' आणून ठेवतो, आणि त्याच्या दृष्टीने तो बरोबर असतो. 'आयकॉन्व्ह' हा पर्याय लावला तर मॅकचा तिढा सुटतो. कीबोर्डचा सुटत नाही. यासाठी ताईने काढलेला तोडगा साधा आहे: फायलींना इंग्रजी नावं. मेहुण्यांना तो मान्य नाही. शासकीय कामकाज मराठीतूनच, असं ते म्हणतात.

पेनड्राइव्हचं दुखणं वेगळं. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर फायलीची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते. लॅपटॉपवर सात सेकंद, तर पेनड्राइव्हवर सहा किंवा आठ. आरसिंकला वाटतं फाईल बदलली, आणि तो ती पुन्हा पाठवतो. 'एखाद्या सेकंदाने काही बिघडत नाही' असं त्याला वेगळं सांगावं लागतं. भारतीय माणसाला हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

दोन्हीकडे बदल झाले असतील तर मात्र आरसिंक हे अवजार नव्हे. त्याला एकच बाजू खरी वाटते. युनिसन नावाचा प्रोग्रॅम दोन्ही बाजू ऐकतो, आणि एकच फाईल दोघांनी बदलली असेल तर तुम्हाला विचारतो, कुणाचं खरं? घरातल्या खर्चाच्या फायलीबाबत ताई आणि मेहुणे यांना हा प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम अजून कुणी बसवून दिलेला नाही, आणि भाचाही त्या भानगडीत पडत नाही.

प्रतींच्या भांडणाचा आपल्याला मोठा अनुभव आहे, हे विसरायला नको. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कुणी यात भर घालू नये अशी ताकीद दिली. आजच्या भाषेत फाईल रीड-ओन्ली केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली. १,२५९ हस्तलिखितं तपासली आणि १९६६ साली काम पुरं केलं. त्यात मला सगळ्यात काय आवडत असेल तर नाकारलेले पाठ त्यांनी फेकले नाहीत, तळटीपांत जपले. डिलीट पर्याय लावलाच नाही. पुण्याच्या चिकाटीचं कौतुक होतं, पण या सावधपणाचं पुरेसं होत नाही.

मोठ्या लोकांचं कसं होतं तेही पाहण्यासारखं आहे. १९९८मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २'चं काम चालू असताना कुणीतरी पुसून टाकण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली. पडद्यावरून चित्रपटातल्या वुडीची एकेक वस्तू नाहीशी होऊ लागली. धावाधाव करून सर्व्हर बंद केला. मग बॅकअप काढला, तर तो अर्धवट निघाला. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारीतून ऑफिसात आणला. जगातल्या अव्वल तंत्रज्ञांचा बॅकअप बाळाच्या कृपेने झाला. पुढे पिक्सारला ती गोष्टच पसंत पडेना आणि बराचसा चित्रपट त्यांनी नव्याने केला, हा भाग वेगळा.

३१ जानेवारी २०१७ला, प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या इंजिनिअरने दोनपैकी चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. एखाद-दोन सेकंदांत लक्षात आलं, पण ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. जपणुकीच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या, त्यांतली एकही धड चालत नव्हती. एक तर रोज अपयशी होत होती आणि इमानाने रोज तशी ईमेलही पाठवत होती. ती ईमेल नियमांत बसत नाही म्हणून घेणारा मेल सर्व्हर ती नाकारत होता. मेहुण्यांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले. "आवक-जावकमध्ये नोंद नसणार!" शेवटी त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत कामाला आली. सहा तासांचा डेटा गेला. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं, याला मात्र छाती लागते.

आणि क्योतो विद्यापीठ. डिसेंबर २०२१मध्ये तिथल्या महासंगणकावरचा ७७ टेराबाइट डेटा गेला, सुमारे ३ कोटी ४० लाख फायली. पुसल्या कुणी? बॅकअपच्या प्रोग्रॅमनेच. तो चालू असतानाच त्याची स्क्रिप्ट बदलली गेली. स्क्रिप्ट चालवणारा बॅश ती आधी पूर्ण वाचून घेत नाही, वाचत वाचत करत जातो. निम्मं जुनं, निम्मं नवं वाचून त्याने जुन्या लॉगऐवजी संशोधकांच्या फायली साफ केल्या. पत्र अर्धं वाचून कारवाई करणारा माणूस प्रत्येक कार्यालयात असतो, पण त्याचा वेग इतका नसतो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला ३-२-१ हा नियम यावर चांगला आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. आपल्याकडे तीन प्रती सहज होतात. दोन माध्यमंही होतात. अडतं ते दुसऱ्या जागेपाशी. बॅकअपची डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत, बाजूच्या कप्प्यात असते, म्हणजे चोराला दोनदा यावं लागत नाही. मेहुण्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये डिस्क ठेवली आहे. मंगळसूत्रांच्या शेजारी. ती आणायची तर ताईची सही लागते, हे सुरक्षेच्या दृष्टीने उत्तमच.

२०११ पासून ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळतात, एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी. आपल्याकडे त्या दिवशी मार्चअखेर असते आणि कुणालाही श्वास घ्यायला सवड नसते. तेव्हा तो दिवस सोडा. येत्या रविवारी तुमच्या बॅकअपमधून एक फाईल परत आणून बघा. मूळ फायलीवर नको, वेगळ्या फोल्डरमध्ये आणा. उघडा, शेवटच्या पानापर्यंत जा, मराठी नीट दिसतंय का पाहा. दहा मिनिटांचं काम आहे. डिस्क सापडायला लागेल तो वेळ वेगळा.